नियम संपतो तेथे कर्तव्य संपते का?



"नियमात बसत नाही." हे तीन शब्द आपण सर्वांनी ऐकले आहेत आणि बहुतेकांनी कधी ना कधी उच्चारलेही आहेत. बँकेच्या खिडकीवर, शाळेच्या कार्यालयात, सोसायटीच्या सभेत. बोलणाऱ्याला त्यामुळे सुटल्यासारखे वाटते आणि ऐकणाऱ्याला तोंडावर दार लागल्यासारखे. आज आपण एका प्रश्नाचा विचार करू या. नियमाने "नाही" म्हटले की आपले कर्तव्य तेथेच संपते का? शास्त्रचर्चेत शिरण्याआधी खेळाच्या मैदानावर प्रत्यक्ष घडलेला एक प्रसंग पाहू.

मैदानावर काय घडले

२६ एप्रिल २००८ या दिवशी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एलेन्सबर्ग येथे विद्यापीठांच्या दोन मुलींच्या संघांमध्ये सॉफ्टबॉलचा सामना चालू होता. यजमान संघ सेंट्रल वॉशिंग्टनचा आणि पाहुणा संघ वेस्टर्न ओरेगॉनचा. गुणफलक अजून कोरा होता.

आपल्याकडेही शाळा-महाविद्यालयांत सॉफ्टबॉल खेळला जातो. तरी ज्यांना त्याचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. चेंडू मारल्यावर खेळाडूला पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसला क्रमाने स्पर्श करून, जेथून चेंडू मारला त्या होमप्लेटवर परत यावे लागते. दोन बेसमधले अंतर ६० फूट असते. चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला तर तो होमरन. मग क्षेत्ररक्षकांना करण्यासारखे काहीच उरत नाही. क्रिकेटमध्ये षटकार गेला की फलंदाज जागेवर उभा राहिला तरी चालते. येथे मात्र होमरन मारणाऱ्यालाही चारही ठिकाणी स्पर्श करून फेरी पूर्ण करावीच लागते.

वेस्टर्न ओरेगॉनची सारा टुकॉल्स्की खेळायला आली तेव्हा तिच्या दोन सहकारी बेसवर होत्या. साराचे ते महाविद्यालयातील शेवटचे वर्ष होते आणि तोपर्यंत तिने एकही होमरन मारला नव्हता. त्या दिवशी तिने मारलेला चेंडू कुंपणापलीकडे गेला. आनंदाच्या भरात धावताना पहिल्या बेसला स्पर्श करायचा राहून गेला. ते लक्षात येताच ती मागे वळली आणि तिचा उजवा गुडघा दगा देऊन गेला. आतला अस्थिबंध फाटला होता. ती कशीबशी सरपटत पहिल्या बेसपर्यंत आली आणि तेथेच थांबली.

आता काय करायचे? स्वतःच्या संघातील खेळाडूने किंवा प्रशिक्षकाने तिला हात लावला असता तर ती बाद झाली असती. पंचांनी सांगितले की पहिल्या बेसवर बदली धावक उभी करता येईल, पण मग तो होमरन धरला जाणार नाही. पुढच्या दोघींच्या दोन धावा मिळतील, साराची तिसरी धाव मिळणार नाही.

अशा वेळी प्रतिस्पर्धी संघाची मॅलरी होल्टमन पुढे आली. ती स्वतः सेंट्रल वॉशिंग्टनची सर्वाधिक होमरन मारणारी खेळाडू. तिने पंचांना विचारले, आम्ही हिला उचलून नेले तर चालेल का? प्रतिस्पर्ध्यांनी मदत करू नये असा नियम नाही, असे उत्तर मिळाले. मग मॅलरी आणि तिची सहकारी लिझ वॉलेस यांनी साराला दोन्ही बाजूंनी उचलले. प्रत्येक बेसपाशी त्या थांबत, साराचा डावा पाय हलकेच टेकवू देत आणि पुढे जात. अशा रीतीने तिघींनी मिळून फेरी पूर्ण केली. होमरन धरला गेला. सामना वेस्टर्न ओरेगॉनने ४-२ असा जिंकला.

नियमाने रिकामी ठेवलेली जागा

सहकाऱ्यांनी धावपटूला हात लावू नये हा नियम निर्दय नाही, योग्यच आहे. तो नसता तर प्रत्येक दमलेल्या धावपटूला तिचे साथीदार ओढत पुढे नेऊ लागले असते. नियम करणाऱ्याने माणसाचा स्वार्थ ओळखला आणि त्याला कुंपण घातले. परंतु प्रतिस्पर्धीच मदतीला येतील हे त्याच्या मनातही आले नसावे. म्हणून त्याने त्याला परवानगीही दिली नाही आणि मनाईही केली नाही.

वाचकहो, या गोष्टीवर थोडे थांबून विचार करा. बहुतेक नियम माणसाच्या स्वार्थाची कल्पना करून लिहिलेले असतात. त्यामुळे निःस्वार्थ कृतीसाठी त्यांत बरीच जागा मोकळी राहून जाते. आपल्याला ती दिसत नाही, कारण आपण नियमाकडे पाहतो तेव्हा आपला हक्क किती आणि आपली जबाबदारी कोठे संपते, एवढेच शोधत असतो.

ही पळवाट नव्हे का?

येथे कोणी विचारील, नियमातील मोकळी जागा शोधणे म्हणजेच पळवाट काढणे नव्हे का? मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. कायद्याचे अक्षर सांभाळून त्याच्या हेतूला बगल कशी देतात, याची उदाहरणे आमच्या अभ्यासात पुष्कळ येतात. म्हणून ही शंका मला महत्त्वाची वाटते.

दोन्हींतला फरक ओळखण्याची एक साधी कसोटी आहे: किंमत कोण मोजतो? करचुकवेगिरीसाठी पळवाट काढणारा फायदा स्वतः घेतो आणि भार इतरांवर टाकतो. मॅलरी आणि लिझ यांनी फायदा दुसऱ्याला दिला आणि भार स्वतःच्या संघावर घेतला. शिवाय त्यांनी लपूनछपून काही केले नाही. सर्वांसमोर पंचांना विचारले आणि परवानगी मिळाल्यावरच पाऊल उचलले.

महाभारताच्या कर्णपर्वात असाच एक पेच येतो. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर रागाच्या भरात अर्जुनाला म्हणतो की गांडीव दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाक. असे म्हणणाऱ्याचा वध करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा असते. तो वडील भावावर शस्त्र उचलायला निघतो. श्रीकृष्ण त्याला अडवतात आणि सत्याचा शब्द पाळताना विवेक गमावणाऱ्या कौशिकाची कथा सांगतात. दरोडेखोरांनी विचारले तेव्हा या कौशिकाने लपलेल्या निरपराध लोकांची जागा खरी खरी सांगून टाकली होती. मात्र श्रीकृष्ण अर्जुनाला प्रतिज्ञा फेकून दे असेही म्हणत नाहीत. आदरणीय माणसाचा अपमान हाच त्याचा वध, म्हणून ज्येष्ठ बंधूला "अरे-तुरे" कर, म्हणजे प्रतिज्ञाही राहील आणि अनर्थही टळेल, असा मार्ग ते दाखवतात. येथेही कसोटी तीच आहे. तो मार्ग कोणाचे काही हिरावून घेण्यासाठी शोधलेला नव्हता, एक जीव वाचवण्यासाठी शोधलेला होता.

भाषांतराची सेवा करताना हाच अनुभव वेगळ्या रूपात येतो. प्रत्येक शब्द बरोबर उतरवूनही वाक्याचा अर्थ हरवू शकतो. आणि अर्थ सांभाळायचा आहे असे म्हणून मूळ शब्द फेकून देण्याची मुभाही नसते. दोन्ही सांभाळायचे तर धीर लागतो.

संघाची धाव देऊन टाकण्याचा अधिकार

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. धाव काही मॅलरीची खासगी मालमत्ता नव्हती. संघातील इतर मुलींनीही वर्षभर घाम गाळला होता. मग त्यांच्या वाटचे दान करण्याचा अधिकार हिला कोणी दिला?

हिशेबच मांडू. दोन धावा तर पंचांच्या निर्णयानुसारही मिळणारच होत्या. प्रश्न होता फक्त एका धावेचा. आणि ती धाव साराने आधीच कमावली होती. चेंडू कुंपणाबाहेर गेला होता. चेंडू मैदानात असताना सारा पडली असती, तर तिला बाद करणे हाच प्रामाणिक खेळ ठरला असता आणि त्यात गैर काही नसते. येथे मात्र क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने काहीच केले नव्हते. ती एक धाव वाचली असती ती केवळ दुसरीचा गुडघा मोडला म्हणून. हिशेबशास्त्रात आम्हाला शिकवतात की व्यवहाराचे बाह्य रूप न पाहता त्याचा खरा आशय पाहून नोंद करावी. त्या दृष्टीने मॅलरीने संघाच्या कमाईतले काही दिले नाही. जी संघाची कमाई नव्हती, ती तिने संघाच्या खात्यात जमा होऊ दिली नाही.

आणि पंच चुकले होते

या प्रसंगाची एक बाजू अनेकदा सांगायची राहून जाते. सामन्यानंतर असे लक्षात आले की पंचांचा मूळ निर्णयच चुकीचा होता. होमरन मारलेली धावपटू जखमी झाली, तर बदली धावक तिची उरलेली फेरी पूर्ण करू शकते, अशी तरतूद त्यांच्या नियमपुस्तकात होती. म्हणजे साराला उचलून नेण्याची गरजच नव्हती.

मग त्या दोघींची कृती व्यर्थ ठरते का? नाही. त्या क्षणी जे ठाऊक होते त्यावर त्यांनी निर्णय घेतला. पंचांचा मान राखला आणि त्या निर्णयाच्या चौकटीत जे शक्य होते ते केले. कर्माची शुद्धता हेतूवर आणि त्या वेळच्या विवेकावर पाहायची असते. नंतर हाती आलेल्या माहितीने ती कमी होत नाही.

परंतु या चुकीतून आपल्यासाठी वेगळा धडा निघतो, आणि तो अधिकार हाती असलेल्यांसाठी आहे. पंचांच्या मनात दुष्टावा नव्हता. तरीही त्यांच्या अपुऱ्या माहितीमुळे एका मुलीवर अन्याय होण्याची वेळ आली होती. तो टळला तो दुसऱ्या कोणाच्या चांगुलपणामुळे. प्रत्येक मैदानावर मॅलरी असेलच असे नाही. म्हणून नियम राबवणाऱ्याने नियम पूर्ण वाचणे, हीसुद्धा करुणाच आहे. अंथरुणाला खिळलेल्या पेन्शनधारकाकडून हयातीचा दाखला घेण्यासाठी बँकेने त्याच्या घरी जाण्याची सोय आहे. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला ती ठाऊक नसेल, तर एखाद्या आजीला रिक्षात घालून, दोघांनी धरून जिना चढवावे लागते. तेथे क्रूर कोणीच नसतो. फक्त कोणी नियमाचे पुढचे पान उलटलेले नसते.

फळाची हमी नाही

चांगले वागले की शेवटी जिंकताच येते, असा समज कोणी करून घेऊ नये. फेब्रुवारी १९८० मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत पंचांनी बॉब टेलर यांना यष्टीमागे झेलबाद दिले होते. चेंडू बॅटला लागला नव्हता असे वाटल्याने भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांनी पंचांना विनंती करून टेलर यांना परत बोलावले. पुढे टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली आणि इंग्लंडने १० गडी राखून सामना जिंकला. विश्वनाथ हरले, मॅलरीचा संघही हरला. तरी आज आपण त्या सामन्यांची आठवण काढतो ती जिंकणाऱ्यांमुळे नव्हे.

आपण काय करू शकतो

वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकजण कोठे ना कोठे पंच असतो: घरात मोठा भाऊ म्हणून, वर्गात शिक्षक म्हणून, कार्यालयात अधिकारी म्हणून. आणि कोठे ना कोठे प्रतिस्पर्धीही असतो. पुढच्या वेळी "नियमात बसत नाही" हे शब्द ओठांवर येतील तेव्हा क्षणभर थांबून स्वतःला तीन प्रश्न विचारा. हा नियम मी पूर्ण वाचला आहे का? तो कशासाठी केला गेला? आणि तो न मोडता, स्वतः थोडी झीज सोसून, मी काय करू शकतो?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कधी कधी "काहीच नाही" असेही येईल. ते प्रामाणिकपणे आले असेल तर स्वीकारावे आणि समोरच्याला दोन मऊ शब्दांत सांगावे. पण प्रश्न विचारण्याआधीच दार लावून घेऊ नये. एलेन्सबर्गच्या मैदानावर पुढचे सारे घडले ते एकीने "चालेल का?" असे विचारले म्हणून.