लोणारचे सरोवर आणि पुनवेचा चंद्र



२०२२ सालच्या गुढीपाडव्याला, २ एप्रिलच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशातून एक लालभडक अग्निरेषा सरकत गेली. कोणी म्हणाले उल्का, कोणी म्हणाले विमान पडले, आणि जगाचा अंत जवळ आला असे सांगणारेही निघाले. पुढे चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी गावात धातूचे एक मोठे कडे सापडले. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असे तज्ज्ञांनी सांगितले. भीती ओसरली.

पण आकाशातून खराखुरा पाषाण कोसळतो तेव्हा काय होते, हे पाहायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. समृद्धी महामार्गाने मेहकर गाठावे, तेथून लोणार जवळच आहे. बुलढाणा जिल्ह्यातील हे सरोवर म्हणजे जवळजवळ गोल असा खड्डा, सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल. पूर्वी तो सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीचा मानत. नंतरच्या मोजणीने त्याचे वय साडेपाच लाख वर्षांपलीकडे गेले. आपल्या सीताबर्डीच्या टेकडीत जो काळा खडक आहे, तोच बेसाल्ट लोणारलाही आहे. चंद्रावरचे काळे डागही बेसाल्टचेच. म्हणून चंद्रावरची विवरे समजून घ्यायला शास्त्रज्ञ लोणारला येतात. त्या खाऱ्या, खारट-तुरट पाण्यातही सूक्ष्म जीव सुखाने नांदतात. जून २०२० मध्ये त्यांच्यामुळेच ते पाणी गुलाबी झाले होते, आणि तेव्हाही काहींना तो अपशकुन वाटला!

याहून फार मोठा आघात सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोजवळ झाला. दहा-एक किलोमीटरचा पाषाण आदळला आणि डायनासोरांचे युग संपले. आपल्या दख्खनच्या ज्वालामुखींचाही त्यात किती वाटा होता, यावर अजून वाद चालतो. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा येथे त्या प्राण्यांची हाडे दगड होऊन पडलेली सापडली आहेत. ते गेले म्हणून लहानशा सस्तन प्राण्यांना जागा झाली, आणि पुढे कधीतरी आपल्यालाही.

मग प्रश्न उभा राहतो, आणि तो दगडांपुरता राहत नाही. देवाच्या हातातील सृष्टीत असे का घडते? ज्याच्यावर कोसळले, त्याचेच काही चुकले होते का? आपल्या धर्मग्रामात एखाद्या घरी तरुण मुलगा अपघातात जातो, एखाद्या बहिणीला कर्करोग होतो, तेव्हा सांत्वनाला गेलेल्यांपैकी कोणीतरी जिना उतरताना हळूच म्हणते, "काहीतरी पाप असेल." ते शब्द वर ऐकू जातात. लूकच्या शुभवर्तमानात शिलोहचा बुरूज पडून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसे यरुशलेमातील इतरांपेक्षा जास्त पापी होती, ही समजूत प्रभू येशूने स्पष्ट शब्दांत नाकारली. मेलेल्यांचा हिशेब मांडण्याऐवजी त्याने ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाला बोलावले. आपण मात्र नेमके उलटे करतो.

आणि आघातातून केवळ नाशच होतो असेही नाही. बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी मंगळाएवढा एक गोल पृथ्वीवर आदळला आणि उडालेल्या राडारोड्यातून आपला चंद्र बनला. आपली पृथ्वी सुमारे साडेतेवीस अंश कललेली आहे, म्हणून ऋतू होतात. तो कल फारसा डळमळू नये यात चंद्राच्या ओढीचा मोठा हात मानला जातो. मंगळाला असा मोठा सोबती नाही, त्याचा कल लक्षावधी वर्षांत फार हेलकावत आला आहे. तेव्हा मृग नक्षत्राची वाट पाहणारा आपला शेतकरी थोडासा चंद्रावरही विसंबून असतो. समुद्राची भरती-ओहोटी तर आहेच. चंद्र ढालीसारखा उल्का अडवतो असे मात्र पुष्कळदा सांगितले जाते, ते खरे नाही. त्या कामाला तो फार लहान आणि फार दूर आहे, सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटर.

राखण करण्याचे काम देवाने काही अंशी माणसाच्या बुद्धीवरही सोपवलेले दिसते. सप्टेंबर २०२२ मध्ये नासाने डार्ट नावाचे यान एका छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवले आणि त्याची कक्षा बदलून दाखवली. ख्रिस्तसभाही या अभ्यासापासून दूर नाही. व्हॅटिकनची स्वतःची वेधशाळा आहे, तेथे उल्कापाषाणांचा संग्रह आहे. चंद्रावरच्या एका प्रचंड विवराला क्लॅव्हियस हे येशूसंघीय धर्मगुरूचे नाव आहे. १५८२ साली पोप ग्रेगरी तेरावे यांनी जी दिनदर्शिका लागू केली, तिच्या गणितात याच फादरांचा मोठा वाटा होता. ती सुधारणा मुख्यतः ईस्टरसाठी होती.

कारण आपला ईस्टर आजही चंद्रावरून ठरतो: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. वल्हांडण सणही पौर्णिमेचाच, म्हणजे गेथशेमाने बागेत प्रभू गुडघे टेकून प्रार्थना करीत होता तेव्हा वर जवळजवळ पूर्ण चंद्र असणार. पवित्र गुरुवारी रात्रीची आराधना आटोपून आपण चर्चच्या अंगणात येतो, तेव्हा झाडांच्या वर दिसतो तो हाच चंद्र. त्या रात्री घरी जाण्याची घाई न करता दोन मिनिटे तेथेच थांबू या, आणि यंदा ज्यांच्या घरावर दुःख कोसळले आहे, त्यांची नावे एकेक करून प्रभूपुढे ठेवू या.