आधी 'उज्ज्वल' लिहायला शीक

बस. नको, उभाच राहा. बसलास की तुझी मान खाली जाते, आणि मला तुझे डोळे बघायचे आहेत.

हा अर्ज तू लिहिलास? 'माझ्या उज्वल भविष्यासाठी कॉलेज सोडल्याचा दाखला मिळावा ही नम्र विनंती.' उज्ज्वलमध्ये दोन ज असतात रे. एस.वाय.च्या पोराला हे सांगावं लागतंय, आणि तो म्हणतो, शिकायचं काही राहिलं नाही. खाली तारीख नाही, रोल नंबर चुकलाय, आणि वडिलांची सही इंग्रजीत. तुझे वडील मराठीत सही करतात, प्रवेशाच्या फॉर्मवर आहे. काढून बघितली मी.

चौकातला फ्लेक्सही बघितला. सकाळी एस.टी.तून उतरलो तर समोर तू, गॉगल लावून, दहा फूट उंच. 'प्रो कबड्डीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि खाली शुभेच्छुकांची रांग. कुठं झालीय निवड? पंधरा दिवसांच्या शिबिराला बोलावणं आलंय. अजून करार नाही, लिलावाच्या यादीत नाव नाही. साखरपुड्याआधीच बारशाची पत्रिका छापलीत तुम्ही.

मी अर्थशास्त्र शिकवतो. यंदा तू माझ्या तासाला अकरा वेळा आलास, हजेरीपट इथंच आहे. बुडालेल्यातला एक तास आत्ता घेतो.

2014 साली लीग सुरू झाली तेव्हा सगळ्यात महाग गडी राकेश कुमार, 12 लाख 80 हजार. 2023 ला पवन सेहरावतवर बोली गेली 2 कोटी 60 लाख 50 हजारांपर्यंत. हे आकडे तुला झोपेतही पाठ असतील. आता खालून मोज. संघ बारा, एका संघात जास्तीत जास्त पंचवीस जण. म्हणजे सगळ्या देशात मिळून तीनशे जागा, त्यातल्या काही इराणसारख्या बाहेरच्या देशांतल्या खेळाडूंच्या. हरियाणाचे किती असतात ते मी सांगायला नको. लिलावात शेवटच्या गटाची मूळ किंमत 9 लाख, तीही कुणी बोली लावली तर. आणि हंगाम केवढा? 2024 चा 18 ऑक्टोबरला सुरू झाला, 29 डिसेंबरला संपला. अडीच महिनेसुद्धा नाहीत. उरलेले साडेनऊ महिने फ्लेक्सवरच राहणार आहेस का?

2019 च्या ऑक्टोबरात अंतिम सामना झाला, मग कोरोना आला, आणि पुढची चढाई झाली ती थेट 22 डिसेंबर 2021 ला. सव्वीस महिने. त्यात चूक कुणाची नव्हती, पण पोट सगळ्यांना होतं. आपल्या चंदगडच्या सिद्धार्थ देसाईला 2019 ला 1 कोटी 45 लाख मिळाले, आणि त्याच्या पुढच्याच हंगामात खांद्यानं दगा दिला, बहुतेक सामने बाहेर बसून काढले. तो सिद्धार्थ देसाई होता, म्हणून संघांनी नाव लक्षात ठेवलं. तुझं कोण ठेवणार?

आणि ज्यांचे फोटो तू मोबाईलला लावतोस त्यांचं बघ की. अनुप कुमार हरियाणा पोलिसांत, अजय ठाकूर हिमाचल पोलिसांत डीएसपी. ही माणसं भारताचे कप्तान होऊनसुद्धा सरकारी पगारपत्रकावरून नाव काढून बसली नाहीत. तुलाही फौजदारच व्हायचं होतं ना? प्रवेशाच्या दिवशी याच खोलीत बोलला होतास. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, हे तू अभिमानानं सांगत फिरतोस. पण त्या पदाला लागणारं शिक्षण त्यात माफ होत नाही, हे कुणी सांगितलं नाही का? फौजदाराला पदवी लागते. पदक दाखवलंस तरी लागते.

दाखला नेलास की विद्यापीठाची जर्सीही इथंच उतरवून जावी लागेल, एवढाही विचार केला नाहीस. आंतरविद्यापीठ खेळायचं तर नाव कॉलेजच्या पटावर हवं. म्हणजे ज्या मैदानावर लोकांनी तुला बघितलं, तेच तू बंद करून चाललास. शिबिरातून परत पाठवलं तर खेळणार कुठं? गल्लीच्या फ्लडलाइटखाली, पाच हजारांच्या बक्षिसासाठी?

काही वर्षांपूर्वी एक जण असाच उभा होता, तू उभा आहेस तिथंच. उजवा कोपरा खेळायचा, घोटा धरला की सुटायचा नाही. गेला, दोन हंगाम बाकावर बसला, तिसऱ्याच्या सरावात गुडघ्याचं लिगामेंट गेलं. गेल्या जूनमध्ये आला. म्हणाला, सर, दोनच विषय राहिलेत, देऊन टाकतो. मी ऑफिसात घेऊन गेलो. क्लार्कनं सांगितलं, तो पॅटर्न बंद झाला, आता पहिल्यापासून. तो काही बोलला नाही. जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होता, ते मी वरून बघत होतो. नीट सांगायचं तर त्या दाखल्यावर माझी शिफारस होती. तेव्हा मला वाटलं होतं, पोराच्या आड कशाला यायचं.

कबड्डी सोड म्हणतोय का मी? राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवायला स्वतःचं घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले होते, 1952 साली. मी काही खर्डेकर नाही, माझं घर आधीच बँकेकडे गहाण आहे. पण खेळाच्या आड येणारा मास्तर मी नाही. आणि ते खाशाबाही पदक आणून पुढं फौजदारच झाले.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. तुझ्या तीन विषयांच्या एटीकेटी आहेत. परीक्षेचा फॉर्म शुक्रवारी बंद होतो आणि दाखल्याचा अर्ज बुधवारी येतो. शिबिर परीक्षेच्या आधीच संपतंय, मी तारखा बघितल्यात. म्हणजे तू कबड्डीसाठी परीक्षा सोडत नाहीयेस, परीक्षेला घाबरून कबड्डीच्या मागं लपतोयस. निदान रेषा न ओलांडता परत फिरलेल्या गड्याला पंच काय देतात? बाद. तिथं तुला शरम वाटली असती. इथं मात्र त्याला 'त्याग' म्हणून घरात सांगितलंस, आणि आईनं विश्वास ठेवला.

सोडायचंच असेल तरी रीत आहे. नव्या शैक्षणिक धोरणात दुसरं वर्ष पुरं केलं की पदविका घेऊन थांबता येतं, क्रेडिट सात वर्षं खात्यात राहतात. तुझ्या खात्यात आधी काही पडू दे तरी.

हा अर्ज मी ठेवून घेतो. प्राचार्यांकडे जाणार नाही, माझ्या खणात राहील. शिबिराला जा, रजेचा अर्ज आण, लगेच सही करतो. शुक्रवारी अकराला वडिलांना घेऊन ये. फ्लेक्स त्याआधी उतरव.

उभा केल्यापासून सगळा भार उजव्या पायावर टाकून उभा आहेस. दिसतंय मला. डाव्याला कधी लागलं? शिबिरवाल्यांना सांगितलंस का? नाही सांगितलंस.

बस आता त्या खुर्चीवर. पाय लांब कर.