उपासना आणि परवानगी

गोंदिया तालुक्यातील मुर्रीसारख्या गावात उघड्यावर कीर्तन किंवा दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावजत्रा, भरवायची असेल, तर ध्वनिक्षेपकासाठी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लेखी परवानगी लागते, आणि ईश्वराच्या आराधनेला शासनाची संमती का हवी, हा प्रश्न भाविकाच्या मनात स्वाभाविकपणे उठतो. राज्यघटनेचा अनुच्छेद २५ धर्मस्वातंत्र्य देतो, परंतु ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन ठेवतो; परवानगी आवाज व गर्दी यांसाठी असते, श्रद्धा तिच्या कक्षेबाहेरच राहते. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवी यात्रेत चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक भाविक मरण पावले, तेव्हा सहयात्रीचा जीव जपणे हा उपासनेचाच भाग आहे, हे अत्यंत दुःखद रीतीने स्पष्ट झाले. मात्र गावच्या सप्ताहाला आणि कोया पुनेम, म्हणजे गोंडांचा धर्ममार्ग, मानणाऱ्यांच्या कचारगड यात्रेला अधिकाऱ्यांनी एकच कसोटी लावली पाहिजे.