प्रश्न विचारण्यातील न्याय

“घरात कोण काय काम करते?” हा प्रश्न दिसायला किती सरळ आहे! परंतु तिरोडा परिसरातील एखाद्या धान पिकवणाऱ्या कुटुंबाच्या दारात तो विचारला, तर घरचा कर्ता पुरुष “मी शेती करतो” असे सांगेल आणि पत्नीविषयी बहुधा म्हणेल, “ती काही करत नाही, घरीच असते.” भर पावसात चिखलात वाकून रोवणी करणारी, निंदण करणारी, गुरांचे शेणपाणी पाहणारी ती स्त्री अशा रीतीने ‘काही न करणारी’ ठरते. येथे कोणी खोटे बोललेले नसते. ज्याची मजुरी हाती पडते तेच काम, असा रूढ अर्थ त्या शब्दाला चिकटलेला असतो आणि उत्तर त्या अर्थाला धरून येते.

१९९१ च्या जनगणनेत म्हणूनच कामाविषयीच्या प्रश्नाला कंसात एक पुस्ती जोडण्यात आली : घरच्या शेतावर किंवा घरच्या उद्योगात बिनमोबदला केलेले कामही त्यात धरावे. शब्द थोडेच, पण राबणाऱ्या असंख्य भगिनींची नोंद होण्याची वाट त्यांनी मोकळी केली. ज्या उत्तराला प्रश्नात जागाच नाही, ते उत्तर असूनही ऐकू येत नाही. म्हणून प्रश्न तयार करणे हे आम्हाला केवळ तंत्र वाटत नाही. तो न्यायाचा विषय आहे.

शुभवर्तमानात दोन्ही प्रकारचे प्रश्न आढळतात. कैसराला कर द्यावा की न द्यावा, असे येशूला विचारणाऱ्यांना उत्तर नको होते. दोन्ही पर्यायांत त्यांनी फास ठेवला होता. उलट, बार्तीमय आंधळा आहे हे सर्वांना दिसत असतानाही प्रभूने त्याला काय हवे, हे त्यालाच विचारले. दुसऱ्याची गरज आपणच ठरवून टाकू नये, हा त्यातील आदर होय.

थोर हेतूनेही प्रश्न अवघड होऊ शकतो. २०१३ साली कुटुंबविषयक सिनडच्या तयारीसाठी ३९ प्रश्नांची प्रश्नावली जगभर पाठवण्यात आली. सामान्य कुटुंबांचे ऐकावे, ही त्यामागची इच्छा स्तुत्य होती. परंतु ‘नैसर्गिक नियम’ ही कल्पना अनेक ठिकाणी लोकांना उमगतच नाही, अशी कबुली २०१४ च्या सिनडच्या कार्यपत्रिकेलाच द्यावी लागली.

कोणी म्हणेल, प्रत्येकाची कहाणी ऐकत बसलो तर आकडेवारी कधी जमणार? आक्षेप रास्त आहे. मोजणीला रकाने लागतातच. मात्र ते रकाने टेबलाशी बसून न आखता आधी चार घरी बोलून आखावेत. एका प्रश्नात दोन गोष्टी गुंफू नयेत. ‘सांगता येत नाही’ म्हणण्याची मुभा ठेवावी.

आपल्या धर्मग्रामात कुटुंबांची पाहणी होते, तेव्हाही हे लक्षात असावे. “आपण नियमित मिस्साला येता ना?” या प्रश्नातील ‘ना’ उत्तर आधीच ठरवून टाकतो, दारात धर्मगुरू उभे असताना नाही कोण म्हणणार? “गेल्या महिन्यात किती रविवारी येणे जमले? जमले नसल्यास अडचण कोणती होती?” असे विचारले, तर कदाचित कळेल की, घरात आजारी सासूबाई आहेत आणि त्यांच्यापाशी बसायला दुसरे कोणीच नाही. मग पुढच्या रविवारी कोणीतरी तेथे जाऊन बसू शकेल.