कोरे ठिगळ आणि जुने वस्त्र

वाचा : मत्तय ९:१६, १७, कलस्सै ३:९, १०



कोऱ्या कापडाचे ठिगळ जुन्या वस्त्राला लावले तर काय होते, हे प्रभू येशूने सांगितले आहे. ठिगळ आटते आणि वस्त्र अधिकच फाटते. हा दृष्टान्त संगणकापुढे बसणाऱ्यालाही सहज पटेल.

संगणकातील कोणताही प्रोग्राम सर्व कामे स्वतः करीत नाही. फाइल उघडणे, पडद्यावर अक्षरे उमटविणे यांसाठी तो खालच्या कार्यप्रणालीला हाक मारतो. विंडोज सेव्हन ही प्रणाली २००९ सालची. आजचे कित्येक प्रोग्राम तिला अशी हाक मारतात की जी तिला ठाऊकच नाही. मग ते सुरूच होत नाहीत. क्रोम ब्राउझरची तिच्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ ही होय.

काही कुशल लोकांनी यावर उपाय शोधला. विंडोज ९८ साठी कर्नलएक्स व विंडोज सेव्हनसाठी व्हीएक्सकेक्स असे जोडथर त्यांनी तयार केले. हा थर नव्या प्रोग्रामची हाक मध्येच झेलतो व जुन्या प्रणालीच्या वतीने उत्तर देतो. बरेच प्रोग्राम खरोखर चालू लागतात. ही कला तुच्छ नव्हे.

परंतु पाया जुनाच राहतो. विंडोज सेव्हनची सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. जोडथर ती उणीव भरून काढीत नाही. दुरुस्तीवाचून काय होते, हे १२ मे २०१७ रोजी जगाने पाहिले. वॉनाक्राय हा घातक प्रोग्राम देशोदेशी पसरला. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. पण जेथे ती बसविली नव्हती, तेथे फाइली कुलूपबंद झाल्या. इंग्लंडमधील इस्पितळांना रुग्णांच्या हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या.

आपल्या अंतःकरणाचे कसे आहे? उपासनेत हाक आली की वरचा थर चटकन "होय, प्रभू" असे उत्तर देतो. खरी परीक्षा मात्र सोमवारी होते. वाटणीवरून भाऊ कडू बोलतो, शेजारीण पाणउतारा करते, आणि आतला जुना राग जागा होतो.

जुना मनुष्य काढून नवा धारण करा, असे पौल कलस्सैकरांस सांगतो. आणि हा नवा मनुष्य सतत नवा होत जातो, असेही सांगतो. पाया एकदाच बदलून भागत नाही. त्याची दुरुस्ती रोज चालावी लागते. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, मुले आपले धडे ऐकतात, पण आपला पाया पाहतात. आज रात्री प्रार्थनेस बसताना एकच प्रश्न विचारू या : प्रभूच्या हाकेला उत्तर कोण देते, वरचा थर की अंतःकरण?