धरून ठेवलेलं आणि सोडलेलं

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥

आजचे चिंतन : गीता, अध्याय ४, श्लोक २१

वाचकहो, आजच्या श्लोकात भगवंत अशा माणसाबद्दल सांगतात, ज्याची हाव सुटली आहे, मन ताब्यात आहे आणि ज्याने सगळा परिग्रह टाकला आहे. तो फक्त शरीराने कर्म करतो, आणि त्याला दोष लागत नाही.

परिग्रह म्हणजे चारी बाजूंनी धरून ठेवणं. वस्तू घरात असणं वेगळं आणि आपण तिला धरून बसणं वेगळं. पुष्कळदा तर वस्तूच आपल्याला धरून बसलेली असते!

आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. १९१७ साली तरुण विनोबा गांधीजींच्या आश्रमातून वर्षाची रजा घेऊन वाईला आले. नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे वेदान्त शिकायचा होता. जवळ सामान किती? लाकडी थाळी, वाटी, लोटा, धोतर, कांबळं आणि थोडी पुस्तकं. पण मला सामानाच्या यादीपेक्षा पुढचं महत्त्वाचं वाटतं. अभ्यास सांभाळून ते मुलांना गीता शिकवत, मोबदला घेत नसत. वाचनालयासाठी पैसे हवे होते, तेव्हा जात्यावर लोकांचं धान्य दळून ते उभे केले. हात मोकळे होते, म्हणून जात्याचा खुंटा धरता आला.

अमेरिकेत थोरो नावाचा लेखक होऊन गेला. १८४५ साली तो वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या खोपटात राहायला गेला आणि दोन वर्षं राहिला. खोपट १० फूट बाय १५ फूट, खर्च २८ डॉलरच्या आसपास. तिथे तो आपली गीता वाचायचा! त्याचा एक हिशेब मला फार पटतो. वस्तूची किंमत पैशात मोजू नका, तिच्यासाठी आयुष्य किती द्यावं लागतं त्यात मोजा.

हा हिशेब सध्या आमच्या घरात चालू आहे. मुलीचं लग्न ठरलंय. हॉल, बँड, स्टेज, मानपान, रिसेप्शन, सगळं धरून पाच लाखांचं कर्ज काढावं लागतंय. फेड पाच वर्षांची. माझी नोकरी उरली चार वर्षं. म्हणजे निवृत्तीनंतरचं पहिलं वर्षसुद्धा त्या एका दिवसाला लिहून द्यायचं. हे गणित विलिंग्डन कॉलेजच्या रस्त्याने सकाळी फिरताना मनात मांडलं आणि घरी येऊन बोललो.

मुलगी म्हणाली, "बाबा, मला तर आधीपासून साधंच हवंय." सौ. मात्र गप्प राहिली. मग म्हणाली, "तीस वर्षं आपण लोकांच्या लग्नात जेवलो. त्यांना बोलवायचंच नाही का?"

तिचं म्हणणं खरं आहे. साधेपणाच्या नावाखाली माणसं तोडली, तर तो कंजूषपणाच. म्हणून खर्चाच्या यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे आम्ही एकच प्रश्न लिहिला : हे प्रेमापोटी, की लोक काय म्हणतील म्हणून? जेवण राहिलं. बँड, स्टेज, रिसेप्शन गेलं. भारी आहेरांची देवघेवही गेली. व्याह्यांशी बोललो, तेही हसून "बरं झालं" म्हणाले. आता कर्ज लागत नाही.

एक सांगतो, ज्याच्याकडे मुळातच काही नाही त्याला साधेपणाचा उपदेश करू नये. २०१९ च्या महापुरात गावभागातल्या कितीतरी घरांचा संसार कृष्णेत गेला. तो त्याग नव्हे, ती आपत्ती. त्याग आपल्या हाताने करायचा, आणि मोकळा झालेला हात कुणाच्या तरी उपयोगी पडायचा. तसं झालं नाही, तर आपण फक्त पैसे वाचवले इतकंच.

आमच्याकडे अजून एक काम बाकी आहे. थोरले दादा मिरजेला असतात. घराण्यात पहिलं साधं लग्न म्हटल्यावर ते रागावतील, कदाचित येणारही नाहीत. फोनवर सांगण्यासारखं हे नाही. आज दुपारी जाऊन पाया पडून सांगणार आहे. त्यांचा राग ऐकून घेईन, पण ठरलेलं बदलणार नाही.

आजचा संकल्प : आपल्या घरातली एक गोष्ट निवडा, जी केवळ लोकांसाठी धरून ठेवली आहे. तिच्यासाठी आयुष्याचे किती दिवस जातात ते मोजा. मग भगवंताला विचारून ठरवा.

हे भगवंता, जे तुझं आहे ते सोडायची बुद्धी दे, आणि माणसं मात्र सुटू देऊ नकोस.

राम कृष्ण हरी!