मिटलेला हिशेब

एखाद्याचा उपयोग करून घेतल्याने त्याला आनंदच होत असेल, तर त्यात अन्याय कोणता? अपर्णा सेन यांच्या ‘३६ चौरंगी लेन’ (१९८१) या चित्रपटाने हा प्रश्न फार हळुवारपणे विचारला आहे.

कोलकात्यातील अँग्लो-इंडियन शिक्षिका व्हायोलेट स्टोनहॅम (जेनिफर केंडल) एकटी राहते. भाची लग्नानंतर परदेशी गेलेली, भाऊ वृद्धाश्रमात. सोबतीला एक मांजर आणि शेक्सपिअर. तिची जुनी विद्यार्थिनी नंदिता आणि मित्र समरेश लेखनासाठी निवांत जागा हवी, असे सांगून दिवसा तिचे घर मागून घेतात. त्यांना हवा असतो एकांत. पण बाई शाळेतून परतल्यावर रंगणाऱ्या गप्पा काही अगदीच खोट्या नसतात.

म्हणून त्यांचा मोठा अपराध मला त्या थापेत दिसत नाही. व्यवहारात आपण सारेच एकमेकांच्या उपयोगी पडतो. लग्न झाले, स्वतःचे घर मिळाले आणि हिशेब मिटला, असे त्यांनी मानले, हा तो अपराध. जागेचा हिशेब मिटतो. जागवलेल्या अपेक्षेचा मिटत नाही. नाताळात केक घेऊन गेलेल्या बाईंना, ‘आम्ही गावाला जाणार’ म्हणणाऱ्यांच्या घरातील मेजवानी बाहेरूनच दिसते. त्या मुकाट्याने माघारी वळतात.

मग अशा दाराशी जाऊच नये काय? तसे नव्हे. आपल्या लेखी किरकोळ असलेल्या तासाभरावर एकाकी माणसाने पुढचा सारा आठवडा तोललेला असतो, एवढे मात्र जाताना ठाऊक असावे.